व्हाइटनर लावलेली निकालपत्रके

प्रश्न : परदेशात कुठे निवडणूक झाली की एक-दोन दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी समाधान व्यक्त केले’ अशी बातमी येते. चार दिवसांच्या या पाहुण्यांना तिथले काय कळत असेल? आणि त्यांच्या प्रमाणपत्राचा त्या देशातील लोकशाहीला काही उपयोग होतो का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : सगळेच चार दिवसांचे पाहुणे नसतात. मोठ्या पथकांतील काही जण मतदानाच्या कित्येक आठवडे आधी येऊन मतदारयाद्या, प्रचार आणि वृत्तवाहिन्यांवर कोणाला किती वेळ मिळतो हे पाहत असतात. मतदानाच्या दिवशी मात्र नव्याने आलेले निरीक्षक दोघादोघांनी केंद्रे फिरतात आणि पेटी रिकामी दाखवली का, पक्षांचे प्रतिनिधी हजर होते का, असे ठरलेले प्रश्न हातातल्या छापील तक्त्यात भरतात. गैरप्रकार दिसला तरी तो थांबवण्याचा अधिकार त्यांना नसतो. नोंद करायची आणि पुढच्या केंद्राकडे निघायचे, इतकेच त्यांच्या हाती असते.

आपल्या शंकेचे खरे उत्तर आफ्रिकेतील मलावी या देशात सापडते. तेथे २१ मे २०१९ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. युरोपीय संघाच्या पथकाने निकाल लागण्यापूर्वीच्या प्राथमिक निवेदनात मतदानाच्या व्यवस्थेबद्दल चांगलेच शब्द वापरले होते, आणि जे त्यांनी पाहिले त्यापुरते ते चूक होते असे म्हणता येणार नाही. पुढे विद्यमान अध्यक्ष पीटर मुथारिका सुमारे १ लाख ५९ हजार मतांनी विजयी झाल्याचे जाहीर झाले. मग निकालपत्रके बाहेर येऊ लागली, तेव्हा कित्येक पत्रकांवर आकडे व्हाइटनरने पुसून त्यावर नवे लिहिलेले दिसले. शाळेच्या वहीत चूक झाकायला वापरतात तोच हा पांढरा द्रव. ‘टिपेक्स’ हे त्याचे तिथले नाव त्या निवडणुकीला कायमचे चिकटले.

लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरत राहिले आणि पराभूत उमेदवार लाझारस चक्वेरा व सौलोस चिलिमा न्यायालयात गेले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीश बुलेटप्रूफ जाकिटे घालून, लष्कराच्या बंदोबस्तात न्यायालयात आले आणि जवळजवळ दहा तास निकालपत्राचे वाचन करून त्यांनी निवडणूक रद्द ठरवली. खाडाखोड नसती तर दुसराच उमेदवार जिंकला असता, असे सिद्ध झाले म्हणून हा निकाल लागलेला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोजणीची प्रक्रियाच विश्वासार्ह राहिली नव्हती, एवढे न्यायालयाला पुरेसे होते. शिवाय विजयासाठी निम्म्याहून अधिक मते लागतील, असा घटनेचा अर्थही त्याच निकालाने लावला. २३ जून २०२० रोजी फेरमतदान झाले, तेव्हा कोरोनामुळे परदेशी निरीक्षकांची मोठी पथके तेथे येऊच शकली नाहीत. चक्वेरा सुमारे ५९ टक्के मते मिळवून निवडून आले, आणि २०२५ मध्ये मतदारांनी पुन्हा मुथारिकांना कौल दिला तेव्हा चक्वेरांनी पराभव मान्य केला.

तेव्हा परदेशी निरीक्षक निरुपयोगी नाहीत, पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने न्याय करावा अशी अपेक्षा धरणे चूक आहे. मदत करू पाहणाऱ्या देशांनी पाहुण्यांच्या विमानभाड्यापेक्षा स्थानिक संस्थांच्या प्रशिक्षणावर आणि न्यायालयांच्या स्वायत्ततेवर अधिक खर्च करावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : मतदार निरक्षर आणि देश गरीब असेल तर तेथे चोख मतमोजणी होऊ शकते का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशाचे उदाहरण पाहावे. तेथे मतपत्रिकाच नव्हती. मतदाराला एक काचेची गोटी मिळे आणि आडोशाला प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा व छायाचित्राचा एकेक पत्र्याचा ड्रम असे. नळीतून गोटी आत सोडली की ड्रममधली घंटा एकदा वाजे. घंटा दुसऱ्यांदा वाजली तर एकाने दोन मते टाकल्याचे बाहेर बसलेल्या सर्वांना कळे. तळाशी वाळू किंवा भुसा घातलेला असे, म्हणजे पडलेली गोटी पुन्हा वाजू नये. घंटीचा घोळ होऊ नये म्हणून केंद्राजवळ सायकलीसुद्धा येऊ देत नसत! मोजताना गोट्या खाचा असलेल्या पाट्यांत मांडत, त्यामुळे आकडा कोणालाही नजरेने पडताळता येई.

१ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत ही मोजणी मतदान केंद्रावरच झाली आणि २२ वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामे हरले. नंतर बेरजेतील चूक आयोगाच्या लक्षात आली आणि विजयी उमेदवार अदामा बॅरो यांची सुमारे ५१ हजारांची आघाडी सुमारे १९ हजारांवर आली. आयोगाने ती उघडपणे दुरुस्त केली. आधी पराभव मान्य केलेल्या जामे यांनी मग घूमजाव केले, पण शेजारी देशांनी सैन्य पाठवल्यावर जानेवारी २०१७ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. गोट्या गरिबांच्या असल्या तरी हिशेब चोख होता, आणि सत्तांतराला सैन्याचा धाक लागला तो हिशेबातल्या दोषामुळे नव्हे.

प्रश्न : दुसऱ्या देशांच्या निवडणुकांच्या कामात भारताने कधी भाग घेतला आहे काय?
(एक वाचक, अकोला)

उत्तर : होय, आणि फार लवकर. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडल्यानंतर १९५३ मध्ये सुदानच्या निवडणूक आयोगाचे अध्यक्ष म्हणून गेले. त्या सात जणांच्या आयोगात तीन सुदानी आणि इजिप्त, ब्रिटन व अमेरिका यांचा प्रत्येकी एक सदस्य होता. त्या निवडणुकीतून सुदानची पहिली संसद निवडली गेली आणि १ जानेवारी १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला. आज म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातील, बोटाला लावायची न पुसणारी शाई अनेक देशांच्या निवडणुकांसाठी जाते.