भीतीच्या दिवसांत दिलेला होकार

तुम्ही विचारलंय की दहशतवादी हल्ल्यानंतर लोक कडक कायद्यांना, झडत्यांना इतक्या पटकन होकार कसा देतात आणि भीती ओसरल्यावर तो परत का घेत नाहीत. मी माझ्याच होकाराबद्दल सांगते.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये संध्याकाळी अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८९ माणसं गेली. मी लोअर परळहून निघाले होते, गाडी दादरच्या अलीकडेच थांबली. फोन लागत नव्हते. आम्ही पाच-सहा जणी माहीमपर्यंत आणि तिथून पुढे एस. व्ही. रोडने चालत निघालो. लोक पाणी, बिस्किटं घेऊन रस्त्यावर उभे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकल पकडली. सीटखाली एक कापडी पिशवी दिसली आणि सगळा डबा ‘कोणाची आहे? कोणाची?’ म्हणून ओरडू लागला. आत मेथीची जुडी होती. जिची पिशवी होती ती बाई रडायला लागली, आणि तिला जवळ घ्यायचं सोडून आम्ही तिच्यावरच चिडलो.

त्या आठवड्यात कोणी ‘संशयिताला कितीही दिवस आत ठेवू द्यायचं का?’ असा कागद पुढे केला असता तर न वाचता सही केली असती. घाबरलेल्या माणसाला उपाय उपयोगी आहे का हे बघायचं नसतं, काहीतरी होतंय हे डोळ्यांना दिसावं लागतं. स्टेशनवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या. गर्दीच्या वेळी त्या सतत वाजायच्या आणि कोणालाच थांबवता यायचं नाही. तरी त्यातून जाताना मला बरं वाटायचं, हे खरं आहे.

पण माझ्या मते होकाराचं मोठं कारण वेगळं आहे. हे सगळं दुसऱ्या कोणासाठी आहे, अशी आपली मनातून खात्री असते. १८९७ चं पुणं आठवा. प्लेगची भीती काही कमी नव्हती, माणसं पटापट मरत होती. पण गोरे सोजीर प्लेगचा रोगी शोधायला थेट घरात शिरले, स्वयंपाकघरात, देवघरात गेले, बायकांची तपासणी करू लागले. अख्खं शहर खवळलं आणि २२ जूनच्या रात्री प्लेगचं काम बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. भीती असूनही होकार मिळाला नाही, कारण झडती प्रत्येकाच्या स्वतःच्या घराची होती. २००६ मध्ये पोलीस माझ्या दारात आले नाहीत. ज्या वस्त्यांमध्ये रात्री-अपरात्री गेले, तिथं मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

होकार परत घेण्याचं म्हणाल, तर कायद्याला मुदत असली तर ते थोडं सोपं जातं. ‘टाडा’ हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला तो दोन वर्षांसाठी. वाढवत वाढवत दहा वर्षं चालला. ७६ हजारांहून जास्त लोक पकडले गेले, शिक्षा दोन टक्क्यांनाही झाली नाही. पण मुदत होती म्हणून तो दर वेळी संसदेपुढे यावा लागला आणि १९९५ मध्ये संपू देण्यात आला. ‘पोटा’ हा तसाच दुसरा कायदा २००२ चा, तीन वर्षांचा. २००४ मध्येच रद्द झाला. मग २६/११ झालं. तीन-चार आठवड्यांत यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडी आणि जामिनाच्या कडक अटी आल्या. तो कायदा मुळात १९६७ चा, कायमचा. त्यामुळे हा होकार पुन्हा विचारायला कोणी येतच नाही. माझं ठाम म्हणणं आहे की भीतीच्या दिवसांत केलेल्या प्रत्येक कायद्यावर संपण्याची तारीख हवीच.

आता पुन्हा त्या सात स्फोटांकडे येते. खटला मकोका या महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली चालला. १९९९ मध्ये टोळ्यांच्या, खंडणीच्या भीतीतून आलेला हा कायदा. यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालते. मला तेव्हा यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा दिली, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले, म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. आरोपींना स्टेशनवर सोडल्याचं सांगणाऱ्या टॅक्सीवाल्यांची साक्ष शंभरपेक्षा जास्त दिवसांनी आलेली. एक जण निकालाआधीच तुरुंगात असताना वारला. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. मीरा रोडच्या स्फोटात त्यांचा डावा कान गेला. निकालाच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, उजव्या बाजूला बसले. बराच वेळ ते बातम्यांची पट्टी वाचत होते. मग म्हणाले, “एकोणीस वर्षं मी या लोकांना शिव्या दिल्या गं. मग ते बॉम्ब ठेवणारे कुठायत?”

कबुलीवर भागतंय म्हटल्यावर पुढे शोधायची गरज कोणाला वाटली नाही. त्या सोयीला मीही मान डोलावली होती, आणि त्या संध्याकाळी काकांना मी ते सांगितलं.