अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत धोका किती असतो, आणि नंतर पूर्वीसारखे जेवता येते का?

आपल्या वडिलांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झाले असून आता शस्त्रक्रिया ठरली आहे, असे आपण धुळ्याहून लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, पाचोऱ्याजवळच्या एका गावात विज्ञान शिकवतो. परंतु माझ्या आईची हीच शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि त्यानंतर वर्षभर तिची शुश्रूषा मी केली, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

या शस्त्रक्रियेत बहुतेक अन्ननलिका काढून टाकतात, जठराची लांब नळी तयार करून ती वर ओढतात आणि उरलेल्या भागाशी छातीत किंवा मानेत जोडतात. सारी चिंता त्या जोडाचीच असते, कारण जठराच्या या नळीला रक्त मुख्यतः एकाच धमनीतून मिळते, तिच्या वरच्या टोकाशी ते सर्वांत कमी पोहोचते आणि जोड नेमका तिथेच असतो. साधारणपणे दहापैकी एका रुग्णाचा जोड गळतो. छातीतील गळती जिवावर बेतू शकते. मानेतील गळती बाहेर वाट काढते, त्यामुळे ती बहुधा निभावते. आईच्या मानेचा जोड सातव्या दिवशी गळला, जखम उघडून रोज ड्रेसिंग करावे लागले आणि आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न देत तीन आठवडे काढल्यावर ती आपोआप भरून आली. त्या दिवसांत आम्ही फार घाबरलो होतो, कारण असे होऊ शकते हे आम्हाला आधी कोणी नीट समजावून सांगितलेच नव्हते.

दुसरा मोठा धोका न्यूमोनियाचा. वडील विडी किंवा तंबाखू घेत असतील तर आजच बंद करावी, आणि श्वासाच्या व्यायामाचे तीन छोट्या चेंडूंचे यंत्र (स्पायरोमीटर) आणून सराव सुरू करावा. आवाज बसणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, छातीत बसवलेल्या निचऱ्याच्या नळीतून दुधासारखा द्रव येणे हेही काहींच्या बाबतीत घडते.

शल्यचिकित्सकांना एक प्रश्न संकोच न करता विचारा: आपल्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? अमेरिकेतील वृद्ध रुग्णांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, या शस्त्रक्रिया अगदी कमी होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण २०.३ टक्के, तर सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ८.४ टक्के आढळले होते. आता अनुभवी केंद्रांत ते बहुधा ५ टक्क्यांच्या आत असते. म्हणून जवळचे रुग्णालय सोयीचे वाटले तरी केवळ त्या कारणाने ते निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेवता येते, पण पूर्वीसारखे नाही. आईला तीन महिन्यांनी घास अडकू लागला, कारण जोड आकसला होता. दुर्बिणीतून तो तीनदा रुंद करावा लागला. आता ती दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाते. कळण्याची भाकरी आणि भरीत तिला चालते, परंतु वरण-बट्टीचे भरपेट जेवण सोसत नाही, आणि गोड जास्त झाले की घाम येऊन चक्कर येते. जेवणानंतर ती दोन-तीन तास आडवी होत नाही, आणि रात्री डोक्याकडची बाजू उंच केलेल्या खाटेवर झोपते.

सुट्टी मिळताच गावी परतण्याची घाई करू नका. जळगावाहून मुंबई रेल्वेने ४०० किलोमीटरहून अधिक दूर आहे, धुळ्याहूनही प्रवास लहान नाही. ताप, धाप किंवा मानेवर लाली आणि सूज दिसली तर त्याच रुग्णालयात तातडीने पोहोचता यावे म्हणून निदान दोन आठवडे जवळपास खोली घेऊन राहावे.