दुसऱ्या महायुद्धात जर्मन पायदळातील ‘सानिटेटर’ नेमके काय काम करीत?

जर्मन पायदळातील वैद्यकीय सैनिक, म्हणजे ‘सानिटेटर’, केवळ जखमा बांधीत असे की लढतही असे, असा आपला प्रश्न आहे. त्याचे मूळ काम जखमीपर्यंत पोहोचणे, रक्तस्राव थांबवणे आणि त्याला जिवंत मागे पाठवणे हेच होते. कमरपट्ट्याच्या दोन कातडी पेट्यांत तो मलमपट्टीचे साहित्य बाळगी. शिवाय प्रत्येक सैनिकाच्या अंगरख्याच्या आतल्या खिशात निर्जंतुक पट्टीची छोटी पुडी असे आणि पहिला उपचार बहुधा तिनेच होई. तेथून जखमीला बटालियनच्या डॉक्टरकडे, पुढे मुख्य मलमपट्टी केंद्रावर आणि गरज पडल्यास क्षेत्रीय रुग्णालयात नेले जाई. जखमीच्या कपड्यांना एक चिठ्ठी अडकवीत. तिच्यावरच्या लाल पट्ट्यांवरून तो प्रवास सोसू शकेल की नाही हे कळत असे. स्फोटांच्या गदारोळात कागदाचा एवढासा तुकडा एखाद्याचे भवितव्य ठरवीत होता, याचे मला फार वाटते.

लढण्याविषयी सांगायचे तर १९२९ च्या जिनिव्हा कराराने वैद्यकीय सैनिकाला स्वतःच्या व रुग्णांच्या बचावापुरते शस्त्र बाळगण्याची मुभा दिली होती, म्हणून त्याच्याजवळ अनेकदा पिस्तूल असे. मात्र लढाऊ तुकडीतून तात्पुरते घेतलेले साहाय्यक स्ट्रेचरवाहक रेड क्रॉसची नव्हे, तर त्यांचे पदनाम लिहिलेली वेगळी दंडपट्टी बांधीत, कारण ते एरवी लढणारेच सैनिक होते.