पुण्यात कमी पैशात पाच जणांचं घर: फुकट काय, स्वस्त काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लातूरहून येऊन चार महिने झाले, धायरीत भाड्याचं घर, एकाचाच पगार, चौथीतला मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. वीस तारीख उलटली की ओढाताण सुरू होते. रविवारी मुलं ‘कुठंतरी जाऊ’ म्हणून मागे लागतात आणि मॉलमध्ये नेलं की हजार रुपये कुठे गेले ते कळत नाही. पुण्यातल्या फुकट आणि सवलतीच्या गोष्टी लोकांना समजतात तरी कुठून, त्यासाठी एखादं ॲप आहे का, असं तुम्ही विचारलंय.

ॲप नाही. निदान माझ्याकडे तरी नाही. मी बार्शीची. बावीस वर्षांपूर्वी सिंहगड रोडला आले तेव्हा आमचीही हीच गत होती. तेव्हापासून एक बघत आलेय. ज्या सवलतीचा मोठा फ्लेक्स लागतो, ती बहुतेक वेळा दुकानदाराच्या सोयीची असते. आपल्या सोयीची जी असते, तिची जाहिरात करून कुणाच्याच पदरात काही पडत नाही, म्हणून ती आपल्या कानावर येत नाही. (सरकारी योजनांचे फ्लेक्स लागतात, पण त्यावर योजनेपेक्षा फोटोच मोठे.)

आधी औषधपाण्याचं सांगते, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथे गळतो. मुलीचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर पाच-सहा वर्षांच्या दरम्यान येईल, मुलाची टीडीची (धनुर्वात-घटसर्प) लस दहाव्या वर्षी. दोन्ही महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. लातूरचं लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलं असेल तर घेऊन जा, नसेल तरी जा. खासगीत ‘न दुखणारी’ म्हणून जी डीपीटी देतात ती वेगळ्या प्रकारची आणि बरीच महाग असते. पालिकेतली दिली की पोरगी एखादा दिवस तापाने किरकिर करेल, एवढंच. फ्लू, कांजिण्या, टायफॉइड या लशी मात्र सरकारी यादीत नाहीत. त्या द्यायच्या असतील तर पदरचे पैसे घालावे लागतात. माझ्या थोरल्याच्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं, सगळं खासगीत केलं. धाकटीच्या वेळी शेजारच्या काकू हाताला धरून पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे रांग होती, पंखा आवाज करत होता आणि सिस्टरने पुढची तारीख कार्डावर लिहून ‘विसरू नका’ असा दम दिला. खासगीत असा दम कुणी दिला नव्हता.

सासूबाईंना बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, शोधा. गोळीच्या पट्टीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून आधी डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की केंद्रावर जा. आमच्याकडे दोघांच्या गोळ्यांचे महिन्याला एकोणीसशे व्हायचे, ते पाचशेच्या आसपास आले. खोट एकच, मधूनच माल संपतो. शेवटची पट्टी उरल्यावर नाही, आठवडाभर आधी जायचं. ‘सुविधा’ नावाचे सॅनिटरी पॅडही तिथेच एक रुपयाला एक मिळतात. आणि सासूबाई सत्तरीच्या वर आहेत, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान आरोग्य योजनेचं ‘वय वंदना’ कार्ड त्यांना काढता येतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. आधार घेऊन करून टाका. दुखणं आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आज बरं.

रेशन कार्ड लातूरचं आहे म्हणून धान्य सोडून देऊ नका. तुमचं नाव अन्नसुरक्षेच्या यादीत असेल तर त्याच कार्डावर अंगठा लावून पुण्यातल्या दुकानात धान्य मिळतं, कार्ड बदलून घ्यायची गरज नाही. दुकानदार ‘तिकडचं इकडे चालत नाही’ म्हणाला तर शांतपणे ‘मशीनवर नंबर टाकून बघा’ म्हणायचं. यादीत नाव नसेल तरी कार्ड सांभाळा, मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेला ते लागतं.

आता प्रवास. दिवाळीला गावी जाताना ट्रॅव्हल्सचे भाव बघून पोटात गोळा येतो, म्हणून हा हिशोब मांडते. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, वयाची अट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. पाचच्या खालचं मूल फुकट. म्हणजे तुमचे मिस्टर पूर्ण, तुम्ही अर्धं, सासूबाई अर्धं, मुलगा अर्धं आणि मुलगी मांडीवर. पाच जणांचा प्रवास अडीच तिकिटांत. सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली की त्यांचं तिकीटच नाही. आरक्षण मात्र वेळेत करा, दिवाळीच्या आठवड्यात स्वारगेटला उभं राहून जागा मिळण्याची आशा धरू नका. ही अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, पीएमपीची, म्हणजे शहरातल्या बसची नव्हे. माझी एक मावशी स्वारगेट-धायरी बसमध्ये कंडक्टरशी या मुद्द्यावर नऱ्हे फाट्यापर्यंत भांडली होती.

पीएमपीचा ७० रुपयांचा दिवसाचा पास सरसकट घेऊ नका. त्या दिवशी चार-पाच वेळा चढउतार करणार असाल तरच तो परवडतो. मेट्रोत शनिवार-रविवारी सगळ्यांनाच ३० टक्के सवलत असते, त्यामुळे बसने स्वारगेट आणि तिथून मेट्रो हा तुमचा रविवारचा रस्ता. चार वर्षांच्या पोरीला जमिनीखालून जाणारी गाडी आणि ते लांबलचक सरकते जिने, यातच अर्धी करमणूक होऊन जाते.

जायचं कुठे? पुरातत्त्व खात्याच्या जागांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, मोठ्यांना २५ रुपये. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, कार्ले आणि भाजे लेणी, सगळीकडे हाच नियम. १८ एप्रिल आणि १९ नोव्हेंबर या दोन दिवशी मोठ्यांनाही फुकट. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला तर कधीच तिकीट नाही, आणि उन्हाळ्यात भरदुपारीही आत गार असतं. पण माझी सगळ्यात आवडती सहल भाजे लेण्यांची. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं आणि चालत भाजे गाव. लोकलचं तिकीट माणशी वीस रुपयांच्या आत. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, तेव्हा तिथे माणसांचाच धबधबा असतो. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर उत्तम. पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाईंना जमणार नाहीत. त्यांना घेऊन जायचं असेल तेव्हा सारसबाग, तिथे गणपतीही होतो.

भिंतीवरच्या कालनिर्णयात आणखी एका तारखेला गोल करा. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. त्या दिवशी विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी खुली असते. शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि पोरं काय वाट्टेल ते विचारतात. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदची महादुर्बीणही बघायला देतात. तिकडे एसटी जाते, म्हणजे पुन्हा तुमचं अर्धं तिकीट. माझा थोरला तिसरीत असताना खोडदला गेला होता. दुर्बीण म्हणजे नळकांडं नाही, शेतात उभ्या केलेल्या अवाढव्य जाळीच्या थाळ्या आहेत, हे बघून तो आधी हिरमुसला आणि मग वर्षभर तेच बोलत राहिला. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, त्यालाही प्रवेश फुकट. कात्रजचं प्राणी संग्रहालय बुधवारी बंद असतं. एकदा बुधवारची सुट्टी साधून दोन मुलं आणि तीन डबे घेऊन मी त्या बंद दारापर्यंत गेलेय.

डब्यांवरून आठवलं. रविवारचे पैसे तिकिटात जात नाहीत, खाण्यात जातात. निघण्याआधी मुलांना पोटभर पोहे, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, प्रत्येकाची पाण्याची बाटली. बाहेरचं एकच काहीतरी घ्यायचं, आणि ते काय हे मुलांनी घरूनच ठरवून निघायचं. आमच्याकडे याच्यावरून आदल्या रात्री मतदान व्हायचं.

वाचायला पैसे घालवू नका. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. तुमच्या चौथीतल्याला दोन वर्षं पुरतील, आणि तुम्ही स्वतः लहानपणी वाचलेला अंक सापडला तर स्वयंपाक राहून जाईल. मुलीसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्याही फुकट. छापील हवं असेल तर जीपीओजवळ फोटोझिंको छापखान्याच्या आवारात शासकीय ग्रंथागार आहे. सरकारी प्रकाशनं तिथे छापील किमतीला मिळतात आणि त्या किमती बघून आपल्यालाच लाज वाटते. शाळेच्या पुस्तकांचं थोडक्यात सांगते. शाळा अनुदानित असेल तर आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं सरकारकडून फुकट येतात, शाळेने त्याचे पैसे मागितले तर विचारा. बाकी वह्या-कंपासपेटी बोहरी आळीत, जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. मुलीला पुढे आरटीईतून, म्हणजे खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेवर, प्रवेश हवा असेल तर अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो, ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. भाडेकरार नोंदणी केलेला हवा, त्याची तजवीज आताच करा.

किराणा आणि भाजी हा माझा खास प्रांत. पहिली गोष्ट, तुम्ही लातूरच्या असून पुण्यात तुरीची डाळ विकत घेत असाल तर मी तुमच्याशी बोलणार नाही. दिवाळीहून येताना वर्षाची डाळ गावाकडूनच आणा. भाजी संध्याकाळी सातनंतर घ्या, तेव्हा किलोचे भाव बाजूला पडतात आणि वाटे लागतात. दहाला वाटा, वीसला वाटा. वाट्यातल्या वरच्या टोमॅटोकडे बघायचं नाही, खालच्याकडे बघायचं. पालेभाजी मात्र सकाळीच, संध्याकाळची स्वस्त मेथी निवडता निवडता निम्मी होते.

मार्केट यार्डात एकटीने जाऊन उपयोग नाही, गोणी घ्यावी लागते. चार-पाच घरं मिळून गेलं की कांदा-बटाटा दुकानापेक्षा बराच उतरतो. हीच एकत्र खरेदीची पद्धत मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून चालवली आहे. शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल एकाच घरी उतरतो आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. पुण्यातही त्यांचे संघ आहेत. स्वस्त तर पडतंच, शिवाय यादीबाहेरचं काही समोर दिसतच नाही, त्यामुळे घेतलंही जात नाही. मोठ्या दुकानात नेमकं तेच होतं. ‘एकावर एक’ बघितलं की पाकीट उलटं करा. एका ग्रॅमची किंमत छापणं आता बंधनकारक आहे, ती शेजारच्या पाकिटाशी ताडून बघा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. शाम्पूचंच बघा. एक रुपयाच्या पुड्यांचा हिशोब बाटलीपेक्षा अनेकदा कमी निघतो.

आणि हो, ‘तुम्हाला बक्षीस लागलंय’ वाले फोन. आम्ही एकदा एका मॉलमध्ये लकी ड्रॉचा कागद भरला. आठ दिवसांनी फोन आला, डिनर सेट लागलाय, नवरा-बायको दोघांनी यायचं, मुलं आणू नका. मुलं आणू नका म्हणाले तिथेच ओळखायला हवं होतं. एका हॉटेलात साडेतीन तास बसवून पंचवीस वर्षांच्या सुट्ट्यांची मेंबरशिप गळ्यात मारत होते. एक उठला की दुसरा, त्याच्यानंतर त्यांचा साहेब. ह्यांचा हात पेनाकडे गेला होता, मी टेबलाखालून पाय दाबला. डिनर सेट मिळाला. सहा प्लेट, त्यातल्या दोन घरी येईपर्यंत रिक्षात फुटल्या. येण्याजाण्याचे रिक्षाचे तीनशे आणि शेजारणीकडे ठेवलेल्या मुलांसाठी नेलेला खाऊ धरला तर ती आमच्या घरातली सगळ्यात महागडी भांडी. ओटीपी मागणारे, मेसेजमधून लिंक पाठवून महिला दिनाची भेट देणारे, सगळे त्याच भावकीतले.

आम्ही पाच जणी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला मार्केट यार्डाला जातो. टेम्पोचं भाडं वाटून घेतो. आमच्यातली एक हिंजवडीला राहायला गेली, त्यामुळे एक जागा रिकामी आहे आणि टेम्पो तुमच्या धायरी फाट्यावरूनच जातो. यायचं असेल तर इथेच खाली कळवा. जाड कापडाच्या दोन पिशव्या आणा, प्लास्टिकची बटाट्याच्या वजनाने तुटते, आणि सुट्टे पैसे.