प्रागमध्ये एकच दिवस मिळणार आहे, फिरायला सुरुवात कुठून करू?

सकाळी सातच्या आत चार्ल्स ब्रिज गाठा, तिथून किल्ल्यावर जा आणि जुन्या शहराचा चौक दुपारनंतरच ठेवा. कारण एवढंच की नऊ-दहा वाजले की टूर ग्रुप पुलावर यायला लागतात आणि मग ना मूर्ती धड दिसत ना नदी, आणि १३५७ साली पायाभरणी झालेला तो पूल खरंच शांतपणे चालत बघण्यासारखा आहे, घाई करू नका हो तिथे. किल्ल्याचा चढ नको असेल तर २२ नंबरची ट्राम वर सोडते. आवारात फिरायला तिकीट लागत नाही, पण सेंट व्हायटस कॅथीड्रल आतून नीट बघायचं तर तिकीट काढाच, १३४४ ला सुरू झालेलं बांधकाम १९२९ ला पूर्ण झालं, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं! चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं, तेव्हा पाच मिनिटं आधी उभे राहा. फक्त तुमचा दिवस रविवार असेल तर क्रम बदला, सकाळी प्रार्थना असते म्हणून कॅथीड्रल पर्यटकांना दुपारीच उघडतं. आणि तिथे चलन युरो नाही, कोरुना आहे.