अर्जाआधी वाड्यावर जा

बाय, मतदार जागृतीसाठी अनुदान मागणार म्हणालीस, फार बरं वाटलं. पण अर्ज लिहायला बसण्याआधी चार संध्याकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, घालव. आमच्या पहिल्या अर्जात नुसतं ‘जनजागृती करणार’ होतं. तो नामंजूर झाला. मग मतदार यादीची प्रत घेऊन आम्ही घरोघरी सोप्यावर बसलो. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत, अठरा पूर्ण केलेल्या पोरांची कुठेच नाहीत. ही मोजणी अर्जात घातली तेव्हा पैसे मिळाले.

सुनांचा पत्ता बदलायला नमुना 8, नव्या मतदारांना नमुना 6. 1 जानेवारीखेरीज आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही पात्रता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाल्याचं मोजायचे दिवस, आहेत, कामाचं वेळापत्रक त्या धरून आख. 85 वर्षांवरच्यांना घरून मत द्यायचं तर 12डी नमुना लागतो, आणि निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर त्याला पाचच दिवस मिळतात. म्हणून अशा घरांची यादी आधीच करून ठेव.

अंदाजपत्रकात बॅनरपेक्षा बसभाड्याला आणि झेरॉक्सला जास्त धर. नोंदणी, पॅन, लेखापरीक्षित हिशेब एका फायलीत लाव. परदेशातला पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय अजिबात घेऊ नकोस. आणि उमेदवाराच्या माणसाकडून साधा चहासुद्धा नको गं. वाड्यावर एकदा शंका आली की पुढच्या खेपेला दार उघडत नाही.