केगमधून बिअर कमी आणि फेसच जास्त येतोय. काय बिघडलं असेल?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून ३० लिटरचा केग, म्हणजे बिअरचं बंद पिंप, टेम्पोतून आणला, शेतावर बर्फाच्या टबात ठेवला, गॅसचा सिलिंडर जोडला आणि पहिल्या ग्लासपासून तीन भाग फेस, एक भाग बिअर. मग गॅस कमी केला, तर फेस आणखी वाढला. केगच खराब निघाला का, असं विचारताय.

केग खराब नाही. गॅस कमी केल्यावर फेस वाढला, त्यातच तुमचं उत्तर आहे.

माझं सोलापुरात सोड्याचं दुकान आहे. वडील गोटी सोडा भरायचे. मी सोडा मशीन दुरुस्त करतो आणि हुरड्याच्या दिवसांत ओळखीच्या लोकांकडे केग लावून द्यायलाही जातो. सोडा काय आणि बिअर काय, गॅस तोच आणि त्याची खोडही तीच: गार पाण्यात मुरतो, गरम झालं की पळतो. ० अंशाला एक लिटर पाणी साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, २० अंशाला ०.८८ लिटर, म्हणजे निम्म्याच्या आसपास. वडील उन्हाळ्यात पाणी गार झाल्याशिवाय मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. "कोमट पाण्यात भरशील तर सिलिंडर संपेल, सोडा व्हायचा नाही," म्हणायचे.

आता तुमच्या केगचं बघा. नेहमीच्या लागर बिअरमध्ये गॅस इतका असतो की ३-४ अंशाला त्याला आत दाबून ठेवायला ११-१२ पौंड प्रेशर पुरतं. बिअर १० अंशाला असेल तर १७-१८ पौंड लागतात. २० अंशाला तर पंचवीसच्या वरच. तुम्ही गॅस कमी केलात म्हणजे आधीच सुटू पाहणाऱ्या गॅसवरचा हात काढून घेतलात. तो केगमध्ये आणि नळीतच सुटला, ग्लासात फक्त फेस पोचला. मग प्रेशर वाढवायचं का? तर तेही नाही, कारण मग आखूड नळीतून बिअर आदळत येते आणि आपटून फेसाळते. दुखणं प्रेशरच्या काट्यात नाही, थंडाव्यात आहे.

"पण बर्फात ठेवला होता की ओ," असं तुम्ही म्हणाल. गेल्या जानेवारीत केगावला एका मित्राच्या शेतावर हेच झालं. (केगावात केग, यावरचे विनोद सगळे होऊन गेलेत, नवीन सुचला तर सांगा.) केग सकाळपासून बर्फात होता, हात लावला तर पत्रा गारठलेला. दुसऱ्या ग्लासात स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर बुडवला तर ११ अंश. टबात वाकून बघितलं तेव्हा कळलं: बर्फाचे मोठे खडे केगला चार ठिकाणी टेकलेले, मधे सगळी हवा, आणि वितळलेलं पाणी कुणीतरी इमानदारीनं काढून टाकत होतं. ते पाणीच तर हवं असतं, तेच पत्र्याला सगळीकडून चिकटतं. आम्ही बोअरचं पाणी ओतलं, बर्फ फोडून घातला, पातळी केगच्या खांद्यापर्यंत आणली आणि टबाभोवती दोन जुन्या सोलापुरी चादरी गुंडाळल्या. तीन तास हुरडा आणि शेंगाचटणीवर काढले. मग ग्लासात ५ अंश आले आणि दोन बोटं फेस. गॅसच्या काट्याला कुणी हातही लावला नव्हता.

म्हणून आधी दुसऱ्या ग्लासाचं तापमान मोजा. पहिल्यात नळीतली बिअर असते, ती उन्हानं तापलेली, तिच्यावर जाऊ नका. आणि केग घरच्या तापमानाचा असेल तर बर्फपाण्यात पाच-सहा तास तरी द्या. पुण्याहून अडीचशे किलोमीटर हादरत आलाय, तेवढा वेळ तो स्वस्थ बसणंही गरजेचं आहे. आदल्या रात्री आणलात तर उत्तम.

तापमान ५ च्या आत असूनही फेस येत असेल तर नळीकडे बघा. पारदर्शक नळी असेल तर उन्हात धरून दोन मिनिटं नुसतं निरखा, बरंच कळतं. केगच्या तोंडाशीच, कपलरला (केगला गॅस आणि नळी जोडणाऱ्या तोटीला) लागून बुडबुड्यांची माळ निघत असेल तर तिथला वॉशर गेलाय, गॅस बिअरमध्ये घुसतोय. किरकोळ काम. दोन ग्लासांच्या मधल्या वेळात नळीत हवेसारखे पोकळ तुकडे तयार होत असतील तर नळी गरम आहे किंवा प्रेशर कमी आहे. नळी शेवटपर्यंत स्वच्छ आणि नळाशीच फेस होत असेल तर नळी आखूड किंवा जाड आहे.

हे शेवटचं फार सापडतं. हार्डवेअरच्या दुकानातून जाड बागेची नळी मीटरभर कापून आणतात. बिअरला वाटेत अडथळा हवा असतो, म्हणजे ती हळू येते. १२ पौंडाला आतून ५ मिलिमीटरची, खाद्यपदार्थांना चालणारी नळी जवळजवळ ३ मीटर लागते. तिचं वेटोळं करून त्याच टबात बुडवा, फक्त नळ बाहेर.

नळ उघडताना पूर्ण उघडा, एका झटक्यात. फेस येतोय म्हणून लोक नळ अर्धा दाबून धरतात, आणि त्या फटीतून बिअर फवाऱ्यासारखी फुटते. ग्लास तिरका धरा, तीन भाग भरला की सरळ करा. ग्लास साध्या गार पाण्यानं विसळलेला असावा. फ्रीजरमधून काढलेल्या, बर्फ जमलेल्या ग्लासातही फेस उसळतो. आणि चटणीच्या तेलकट हातानं ग्लासाच्या कडा धरल्या तर उलटं होतं, फेस लगेच मरतो. एकानं हा उपाय म्हणून सुचवला होता. नको.

कुणी सांगेल की सोलापूर उंचावर आहे म्हणून फेस येतो. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, त्यानं पाऊण पौंडाचा फरक पडतो. तो विसरा.

सगळं बरोबर असूनही फेस थांबत नसेल तर आधी कुणीतरी प्रेशर जास्त ठेवून बिअरमध्ये गॅस जादा मुरवला असेल. सिलिंडर बंद करा, कपलरवरची कडी ओढून गॅस सोडा, अर्ध्या तासानं परत, असं तीन-चार वेळा. सिलिंडर उभाच ठेवा, आडवा केला तर आतला द्रव रेग्युलेटरमध्ये जातो. उन्हात ठेवू नका आणि बंद खोलीत गॅस सोडत बसू नका.

आलेला फेस ओतून देऊ नका. जगमध्ये धरून ठेवा, पंधरा मिनिटांत तळाशी बिअर जमते. आणि सिलिंडरऐवजी हातपंप असेल तर केग त्याच दिवशी संपवा, पंपानं आत हवा जाते आणि दुसऱ्या दिवशी चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.